एका गाठीतला एक मिलिमीटर

वाचकांचे प्रश्न : गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि लसिकाग्रंथी

गेल्या दोन अंकांनंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची होती, आणि त्यांतली निम्मी तरी शस्त्रक्रियेनंतर हाती पडलेल्या 'गाठींच्या रिपोर्ट'विषयी होती. मी विकृतिशास्त्राची डॉक्टर आहे, म्हणजे शस्त्रक्रियेत काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो रिपोर्ट लिहिणारी. उपचाराचा अंतिम निर्णय तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. पण रिपोर्टमधील एखादा शब्द घरात कसा समजला जातो, यावर तो उपचार पूर्ण होणार की अर्धा राहणार हे पुष्कळदा ठरते. म्हणून ही चार पत्रे सविस्तर घेते.

प्रश्न : माझ्या सासूबाई ५२ वर्षांच्या आहेत. पाळी जाऊन तीन वर्षे झाल्यावर पुन्हा रक्त जाऊ लागले, तपासणी केली तेव्हा गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग निघाला. गाठ तीन सेंटिमीटरची होती. तीन आठवड्यांपूर्वी मोठी शस्त्रक्रिया करून पिशवी आणि ओटीपोटातील ग्रंथी काढल्या. २२ ग्रंथींपैकी २१ स्वच्छ आहेत, एकीत '१.१ मिलिमीटरचा मायक्रोमेटास्टॅसिस' लिहिला आहे. डॉक्टर शेक आणि केमो घ्या म्हणतात. भावकीतले म्हणतात की पिशवी गेली तिथे रोग गेला, एका मिलिमीटरसाठी बाईचे हाल कशाला करता. रिपोर्टवर तिसरी अवस्था लिहिली आहे, त्यामुळे सासरे पार खचले आहेत. एवढ्याशा ठिपक्याने रोग उलटण्याचा धोका खरोखर वाढतो का? (एक शिक्षिका, औसा तालुका)

उत्तर : आधी उत्तर देते, कारण नंतर सांगते. होय, वाढतो; आणि डॉक्टरांनी सुचवलेला शेक, म्हणजे किरणोपचार, टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे शेतात राबणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. ते अवधाण म्हणजेच सुजलेली लसिकाग्रंथी. पायाकडून येणारा लसिकेचा पाझर तिथे गाळला जातो आणि त्यासोबत आलेले जंतू तिथे अडवले जातात. गर्भाशयमुखाकडून निघणारा पाझर मात्र ओटीपोटात खोलवर, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने असलेल्या ग्रंथींत जातो. त्या हाताला लागत नाहीत. गर्भाशयमुखातील कर्करोगाच्या पेशी मूळ जागा सोडून निघाल्या, की बहुतेक वेळा त्या प्रथम याच ग्रंथींत पोहोचतात. म्हणून ग्रंथीत सापडलेला ठिपका किती मोठा आहे याइतकेच, पेशींनी मूळ गाठीबाहेर पडून दुसरीकडे तग धरला, यालाही महत्त्व आहे. पिशवी काढली म्हणजे रोगाचे मूळ ठिकाण काढले, हे भावकीचे म्हणणे खरे आहे. पण त्या ठिकाणाहून आधीच निघून गेलेल्या पेशींचे काय, हा प्रश्न त्यानेही उरतोच, आणि एका ग्रंथीतल्या त्या १.१ मिलिमीटरने त्याचे निम्मे उत्तर दिले आहे.

आता मोजमापाचे. ग्रंथीतला पेशींचा पुंजका २ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर त्याला मॅक्रोमेटास्टॅसिस म्हणतात. ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठा पण २ मिलिमीटरपर्यंत असेल तर मायक्रोमेटास्टॅसिस. ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून लहान असेल तर त्या 'सुट्या कर्कपेशी' समजल्या जातात. या सीमारेषा माणसांनी सोयीसाठी आखलेल्या आहेत आणि १.९ व २.१ मिलिमीटर यांत निसर्ग काही भिंत घालत नाही. तरीही उपचाराचे निर्णय याच रेषांवर होतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये 'एक ग्रंथी बाधित' एवढेच लिहिले असेल, तर ठिपक्याचे माप मिलिमीटरमध्ये लिहून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये ते लिहिलेले आहे, ही चांगली गोष्ट आहे.

सासऱ्यांना एक गोष्ट शांतपणे समजावून सांगा. स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ज्याला सगळे 'फिगो' म्हणतात, २०१८ साली या कर्करोगाच्या अवस्था नव्याने ठरवल्या. त्याआधी शस्त्रक्रियेनंतर ग्रंथीत रोग सापडला तरी अवस्था बदलत नसे. २०१८पासून ओटीपोटातील एका ग्रंथीत मायक्रोमेटास्टॅसिस सापडला तरी तिची नोंद '३सी१' अशी होते, आणि ते तुकडा तपासून कळले म्हणून पुढे 'पी' जोडतात. म्हणजे दहा वर्षांपूर्वी याच बाईंच्या रिपोर्टवर पहिली अवस्था लिहिली गेली असती. कंबरेच्या हाडापर्यंत पसरलेला किंवा मूत्रवाहिनी दाबून मूत्रपिंड बंद पाडणारा रोगही तिसऱ्याच अवस्थेत मोडतो, पण तो आणि हा एक नव्हे. आकडा सारखा आहे, आजार सारखा नाही.

धोका किती वाढतो, यावर जगभरातील अभ्यासक पूर्ण एकमताचे नाहीत आणि ते तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. प्राग येथील डेव्हिड सिबुला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये आठ केंद्रांतील ६४५ स्त्रियांची माहिती मांडली. त्यांत १४.७ टक्के जणींच्या पहारेकरी ग्रंथींत (गाठीकडचा पाझर ज्यांत सर्वांत आधी पोहोचतो त्या) मोठे, १०.१ टक्के जणींच्या ग्रंथींत सूक्ष्म ठिपके आढळले आणि ४.५ टक्के जणींच्या ग्रंथींत केवळ सुट्या पेशी होत्या. सूक्ष्म ठिपके असलेल्या स्त्रियांचे आयुर्मान मोठे ठिपके असलेल्यांइतकेच घटलेले दिसले; सुट्या पेशींचा तसा परिणाम दिसला नाही. उलट फ्रान्समधील सेंटिकॉल अभ्यासाच्या २०१९च्या विश्लेषणात सूक्ष्म ठिपक्यांमुळे रोग उलटण्यात ठळक फरक आढळला नाही. ही तफावत का, याचा विचार केला तर दोन कारणे समोर येतात. असे ठिपके असलेल्या स्त्रियांची संख्या कोणत्याही एका अभ्यासात थोडीच असते. आणि त्यांतील अनेकींना शेक मिळालेला असतो, त्यामुळे उपचाराने टळलेला धोका 'धोका नव्हताच' असा भासू शकतो. युरोपीय तज्ज्ञसंस्थांची मार्गदर्शक तत्त्वे म्हणूनच मायक्रोमेटास्टॅसिसला मोठ्या ठिपक्याच्याच पंक्तीला बसवतात, आणि मला ते योग्य वाटते.

शेकाचा आणि केमोचा एकत्रित आधार कुठून आला, तेही सांगते. अमेरिकेत झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर ग्रंथी, कापलेली कड किंवा पिशवीलगतची ऊती बाधित निघालेल्या स्त्रिया घेतल्या होत्या. नुसता शेक घेतलेल्यांपैकी ६३ टक्के जणी चार वर्षांनी रोग न उलटता होत्या, तर शेकासोबत केमो घेतलेल्यांपैकी ८० टक्के. याच माहितीच्या नंतरच्या विश्लेषणात दिसले की दोन किंवा अधिक ग्रंथी बाधित असतील तर केमोचा लाभ मोठा असतो आणि एकच ग्रंथी बाधित असेल तर तो पुष्कळ कमी असतो. मूळ गाठ २ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर केमोचा लाभ पुन्हा वाढतो. सासूबाईंची ग्रंथी एकच आहे, पण गाठ तीन सेंटिमीटरची आहे. म्हणून मूत्रपिंडाची क्षमता बेताची असली किंवा केमो सोसणार नाही असे वाटले, तर 'नुसता शेक दिला तर किती फरक पडेल' असे डॉक्टरांना जरूर विचारा. शेक घ्यायचाच नाही, हा मात्र वेगळा निर्णय होईल, आणि तो भावकीने ओसरीवर बसून घेण्याजोगा नाही.

व्यवहाराचे थोडे बोलते. हा शेक साधारण पाच ते साडेपाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस असतो. सिस्प्लाटिन हे केमोचे औषध आठवड्यातून एकदा सलाइनमधून देतात. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरुवात व्हावी, असा आमचा प्रयत्न असतो. तुमचे तीन आठवडे गेले आहेत. औशाकडच्या लोकांना बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय ही नावे परकी नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शेकाचा आणि केमोचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. रोज एसटीने जाणे-येणे करून शेक पूर्ण करणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, पण तिसऱ्या आठवड्यात जुलाब आणि थकवा सुरू झाला की नेमका तिथेच खाडा पडतो. जवळ राहण्याची सोय होत असेल तर ती करावी. सोयाबीनची काढणी आली म्हणून मध्येच आठ दिवस घरी नेऊ नये. मधले खाडे शेकाचा परिणाम कमी करतात आणि राहिलेले दिवस शेवटी जोडून ते पूर्ण भरून निघत नाहीत.

प्रश्न : माझे वय ४१. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या रिपोर्टमध्ये 'सर्व ग्रंथी स्वच्छ' असे होते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ब्लॉक दुसऱ्या ठिकाणी पाठवले, तेव्हा एका पहारेकरी ग्रंथीत 'सुट्या कर्कपेशी' असा रिपोर्ट आला. पहिल्या प्रयोगशाळेने हलगर्जी केली का? कोणावर विश्वास ठेवायचा? (एक वाचक, परभणी)

उत्तर : ताई, दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात. ते कसे, हे सांगायचे तर तुम्हाला आमच्या टेबलापाशी आणायला हवे.

ओटीपोटातील ग्रंथी पिवळ्या चरबीत लपलेली असते. बोटांनी चरबी चाचपत ती शोधावी लागते. कधी ती घेवड्याच्या दाण्याएवढी असते, कधी तुरीच्या. ती पात्याने मधोमध कापून मेणाच्या वडीत बसवतात. हीच वडी म्हणजे तुमचा 'ब्लॉक'. त्या वडीवरून यंत्राचे पाते फिरले की साधारण ४ मायक्रॉन जाडीचा, फुंकरीने उडेल असा पापुद्रा निघतो. तो कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलतात, रंगवतात आणि मग आम्ही तो पाहतो. आता हिशेब करा. सहा मिलिमीटर जाडीच्या ग्रंथीतून असे १५०० पापुद्रे निघू शकतात, आणि नेहमीच्या पद्धतीत आम्ही त्यांतले एक-दोन पाहतो. लातूरच्या आडत बाजारात पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर तूर काढतात आणि त्यावरून साऱ्या पोत्याचा भाव ठरतो, तसेच हे आहे. मोठा दोष मुठीत येतोच. पोत्याच्या कोपऱ्यातले चार किडके दाणे येतीलच असे नाही.

पहारेकरी ग्रंथी म्हणजे गाठीकडून निघालेला पाझर जिला सर्वप्रथम पोहोचतो ती ग्रंथी. गर्भाशयमुखात निळा रंग, किरणोत्सर्गी टेक्नेशियम किंवा हिरवा प्रकाशमान रंग टोचून ती शस्त्रक्रियेच्या वेळी ओळखतात. या मोजक्या ग्रंथी अधिक बारकाईने तपासतात: त्यांचे पातळ काप करून ठरावीक अंतराने पापुद्रे काढतात आणि सायटोकेराटिन नावाच्या प्रथिनाला चिकटणारे रसायन वापरतात. ग्रंथीच्या स्वतःच्या पेशी निळ्या राहतात, गर्भाशयमुखातून आलेली पेशी तपकिरी होते. कवचाच्या अगदी आत, पाझर जिथून शिरतो त्या कडेला, निळ्या शेतात दोन-तीन तपकिरी ठिपके दिसतात तेव्हा हात थांबतो, हे मी इतक्या वर्षांनंतरही सांगते. या पद्धतीला अल्ट्रास्टेजिंग म्हणतात. सगळ्याच २०-२५ ग्रंथींवर ती करणे कोणत्याही प्रयोगशाळेला परवडणारे नाही. शस्त्रक्रिया चालू असताना ग्रंथी गोठवून केलेल्या झटपट तपासणीतही असे सूक्ष्म ठिपके पुष्कळदा निसटतात. म्हणून पहिल्या प्रयोगशाळेवर लगेच हलगर्जीचा ठपका ठेवू नका.

तुमच्या बाबतीत महत्त्वाचे हे की, सुट्या पेशींमुळे अवस्था बदलत नाही. त्यांची नोंद करतात, पण ग्रंथी 'नकारात्मक'च धरली जाते आणि केवळ त्यांच्यावरून शेक ठरवत नाहीत. तुमचा धोका ठरेल तो मूळ गाठीच्या आकारावर, ती गर्भाशयमुखाच्या भिंतीत किती खोल गेली यावर, आणि बारीक रक्तवाहिन्या-लसिकावाहिन्यांत कर्कपेशी दिसल्या का यावर. या तिन्ही गोष्टी रिपोर्टच्या पहिल्या पानावर असतात. पत्रासोबत तुम्ही फक्त ग्रंथींचे पान पाठवले आहे. पहिले पान घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि या तीन ओळींवर बोट ठेवून विचारा. आणि ब्लॉक परत मिळाले असतील तर घरात उन्हापासून दूर, थंड जागी सांभाळून ठेवा. पुढे कधी प्रश्न उभा राहिला तर ते पुन्हा कापता येतात. आमच्याकडे ब्लॉक हरवलेले रुग्ण येतात तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण जे कळू शकले असते ते कायमचे गेलेले असते.

प्रश्न : पत्नीची शस्त्रक्रिया आणि शेक पूर्ण होऊन दीड वर्ष झाले. महिन्याभरापासून डावा पाय मांडीपासून सुजला आहे. गावात वात म्हणून तेलाने चोळून घेतो आहोत. ग्रंथी काढल्याने असे होते असेही कोणी म्हणाले. दवाखान्यात दाखवावे का? (एक वाचक, माजलगाव तालुका)

उत्तर : दाखवावे, आणि या आठवड्यातच. चोळणे आजच बंद करा.

ग्रंथी काढल्यावर आणि शेकानंतर लसिकेचा निचरा अडून पाय सुजू शकतो, हे खरे आहे. पण एकाच पायाची नव्याने आलेली सूज दोन आणखी कारणांनीही येते: शिरेत रक्ताची गुठळी होणे किंवा ओटीपोटाच्या कडेला रोग उलटून शीर आणि लसिकावाहिन्या दाबल्या जाणे. ही तिन्ही बाहेरून सारखीच दिसतात. गुठळी असेल तर जोराने चोळणे धोक्याचे आहे. पायाची डॉपलर सोनोग्राफी आणि ओटीपोटाचा स्कॅन यांतून फरक कळतो. सूज एकदम वाढली, पिंडरी दुखू लागली किंवा दम लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

हा रोग उलटतो तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. म्हणून पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी आणि पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचे असते. पुन्हा रक्त जाणे, घाण वास येणारे पाणी अंगावरून जाणे, कंबरेतून एका पायात उतरणारी आणि रात्री झोपू न देणारी कळ, कुशीतले दुखणे, ही लक्षणे दिसली तर ठरलेल्या तारखेआधी जावे. तुमच्या पत्रात शेवटच्या तपासणीची तारीख नाही, त्यावरून मला शंका येते की ती चुकली आहे.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या गावांत बायांची तपासणी झाली होती, असे माझ्या सासूबाई सांगतात. ती कशाची होती? ग्रंथींपर्यंत रोग जाण्याआधी तो कळू शकतो का? (एक वाचक, धाराशिव जिल्हा)

उत्तर : तुमच्या सासूबाई ज्या तपासणीविषयी सांगतात, ती बहुधा तीच असावी जिचा आधार आज जगभर दिला जातो. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९च्या ऑक्टोबरपासून ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लियॉनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी हा अभ्यास केला. काही गावांत एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन तपासणे), काहींत व्हिनेगर लावून पाहण्याची तपासणी झाली, आणि काही गावांत तेव्हाची नेहमीची सेवाच होती. रामास्वामी शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. पसरलेल्या अवस्थेत सापडलेले रुग्ण पहिल्या गटात ३९ होते, दुसऱ्यात ८२. गटांतील स्त्रियांची संख्या जवळपास सारखी होती, आणि चाचणी आयुष्यात एकदाच झाली होती. तपासणी न मिळालेल्या गावांतील स्त्रियांचे काय, हा प्रश्न पुढे उपस्थित झाला आणि तो रास्तच होता. त्या ६४ जणी आपल्याच गावांतल्या होत्या.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. एचपीव्हीचा संसर्ग टिकून राहिला तर आधी गर्भाशयमुखाच्या वरच्या थरात बदल होतात. ते कर्करोगात बदलायला सहसा कित्येक वर्षे लागतात. त्या अवस्थेत पेशींनी तळाचा पडदा ओलांडलेला नसतो, म्हणून ग्रंथीत पोहोचण्याचा प्रश्नच येत नाही आणि बाह्यरुग्ण विभागातील छोट्या उपचाराने काम भागते. पडदा ओलांडून गाठ गर्भाशयमुखापुरती असली, तरी शंभरातील पंधरा-वीस जणींच्या ग्रंथींत रोग सापडतो. औशाच्या त्या सासूबाई त्यांतल्या एक.

गृहभेटीला जाता तेव्हा गरोदर आणि बाळंतिणींच्या नोंदी तुम्ही घेताच. त्याच घरातल्या पन्नाशीच्या बाईला बाजूला घेऊन, पाळी गेल्यानंतर कधी रक्ताचा डाग दिसला का, संबंधानंतर रक्त जाते का, एवढे विचारा. ती सुनेसमोर सांगणार नाही. 'हो' म्हणाली तर शिबिराची वाट न पाहता तिला ग्रामीण रुग्णालयात स्पेक्युलम घालून तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जा, आणि तुकडा तपासायला घेतला असेल तर रिपोर्ट आणायलाही तुम्हीच जा. घरचे लोक तो आणायला विसरतात.